सूर बाजूला ठेवून वाच

कोल्हापूर

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझी वही वाचून झाली. दोनदा वाचली, दुसऱ्यांदा तंबोऱ्याचं ॲप बंद करून. ११ बंदिशी, ४२ कविता, मैफलींवरची चार-पाच टिपणं आणि शेवटच्या पानावर लाल पेनानं ‘पुस्तक!’. मित्रमंडळी ‘लई भारी’ म्हणाली असतील, त्यांचं ते कामच आहे. पुस्तकाचं मात्र जरा दमानं घे.

पहिली अडचण अशी की हे सगळं एकाच वहीत आहे. रागतालात बांधून गायची बंदिश, कविता आणि गाण्यावरचं गद्य ही तीन वेगळी कामं. गाणाऱ्याला ती एकच वाटतात, कारण तिन्हीकडं त्याच्या डोक्यात सूर चालू असतो, आणि सूर शब्दाचं लंगडेपण झाकतो. वाचकाच्या हातात कागद येतो, त्यात तुझा गळा नसतो. म्हणून आजच तीन वह्या कर.

गायिका डॉ. प्रभा अत्रे यांचं काम समोर ठेव. मारूबिहागमधली ‘जागू मैं सारी रैना’ आणि कलावतीतली ‘तन मन धन’ या त्यांच्या स्वतःच्या रचना. बंदिशींची त्यांची पुस्तकं वेगळी, ‘स्वरमयी’ हे गद्य वेगळं, ‘अंतःस्वर’ हा कवितासंग्रह वेगळा. विज्ञान आणि कायदा शिकलेल्या, सरगमवर प्रबंध लिहिलेल्या बाई होत्या त्या. २०१६ साली दिल्लीत एकाच व्यासपीठावर त्यांची ११ पुस्तकं प्रकाशित झाली, तेव्हा वय ८३. हा आकडा धाक दाखवायला सांगत नाही. ११ पुस्तकं झाली तरी एकात दुसऱ्याची भेसळ नाही, ते बघ.

आता बंदिश. चौथ्या पानावर यमन, तीनताल, मध्यलय असं लिहून तू ही ओळ दिली आहेस: ‘सांध्य समय में प्रतीक्षा तेरी’. गाऊन दाखवलीस तर कुणी नावं ठेवणार नाही. पण तीनतालाच्या १६ मात्रा मांडून बघ. मुखडा (दर आवर्तनाला, म्हणजे तालाच्या फेरीला, परत येणारी ओळीची सुरुवात) खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचललास. ‘सां’ ९ आणि १०, ‘ध्य’ ११, ‘स’ १२, ‘म’ १३, ‘य’ १४, ‘में’ १५ आणि १६. इथवर गाडी रुळावर आहे. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, काय आलं? ‘प्र’. ऱ्हस्व, जोडाक्षर आणि वर ओठ मिटवणारं. जिथं आवाज मोकळा सुटायला हवा तिथंच तू तोंड बंद करतेस. पुढं ‘ती’ २-३, ‘क्षा’ ४-५, ‘ते’ ६-७ आणि ‘री’ ८-९. नववी मात्रा ‘री’च्या शेपटात अडकली, मुखडा परत उचलायला जागाच राहिली नाही. ओळ १७ मात्रांची झाली. गाताना तू ‘री’ अर्ध्यात तोडत असणार आणि ठेका धरणारा सांभाळून घेत असणार, म्हणून चूक आजवर कळली नाही.

आता तेवढाच आशय असा घेऊन बघ: ‘साँझ ढली, घर आ जा रे’. ‘साँ’ ९-१०, ‘झ’ ११, ‘ढ’ १२, ‘ली’ १३-१४, ‘घ’ १५, ‘र’ १६ आणि समेवर ‘आ’. तो दुसऱ्या मात्रेपर्यंत लांबव, ‘जा’ ३-४, ‘रे’ पाचवर. ६, ७, ८ या तीन मात्रा मोकळ्या राहिल्या. तिथं श्वास घे, नाहीतर ‘रे’वर छोटीशी सुरावट घे. स्वर लावायचे तर ‘साँ’ पंचमावर, ‘झ’ तीव्र मध्यमावर, ‘ढ’ गंधारावर, ‘ली’ रिषभावर, ‘घर’ला मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, निषाद आणि रिषभ, की समेचा ‘आ’ गंधारावर येऊन बसतो. यमनचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, उघडा आकार आणि सम, तिन्ही एका जागी. ही ओळ काव्य म्हणून अगदी सामान्य आहे. बंदिशीला तेवढं पुरतं, कारण तिला पुढं वीस मिनिटं वापरायचं असतं.

वापरायचं म्हणजे काय, तेही बघ. बोल-आलापात, म्हणजे शब्द घेऊन आलाप करताना, तू ओळ फोडणार. ‘घर’ एकटं म्हटलंस तरी त्याला अर्थ आहे, ‘आ जा’ एकटं म्हटलंस तरी आहे, ‘साँझ’ला तर आहेच. ‘प्रतीक्षा’ फोडलीस की ‘प्र’, ‘ती’, ‘क्षा’ असे तीन तुकडे हातात येतात आणि एकाचाही उपयोग होत नाही. बंदिशीचे शब्द एक-दोन अक्षरांचे, फार तर तीन अक्षरांचे असावेत, ते यासाठी. बोलतानेत, म्हणजे शब्द घेऊन तान मारताना, आणखी एक अडचण येते. क, ग, त, द, न, र, ल ही अक्षरं जलद लयीत पळतात; क्ष, त्त्व, ष्ट यांच्यापाशी जीभ थांबते. जुन्या रचनाकारांनी ‘वर्षा’ची ‘बरखा’ केली, ‘नयन’चे ‘नैन’ केले, ‘श’चा ‘स’ आणि ‘ण’चा ‘न’ केला, त्यामागं गळ्याची सोय आहे. पण म्हणून प्रत्येक शब्दाला ‘वा’ची शेपटी लावत सुटू नकोस. तुझ्या ११ बंदिशींत सात ठिकाणी ‘पियरवा’, ‘मंदरवा’, ‘सजनवा’ आहे. मात्रा भरायला माती टाकली आहे, ते लगेच दिसतं.

मराठीत बंदिश बांधावी का, असं समासात विचारलं आहेस. बांध, हरकत नाही. फक्त मराठी क्रियापदं शेवटी जड होतात: ‘करतोस’, ‘निघाली’, ‘आहे’. आज्ञार्थ आणि संबोधनं घेतलीस (‘ये रे’, ‘सांग ना’, ‘थांब जरा’) तर ती छान लवतात. ‘ळ’ समेवर नको.

अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, तू सगळीकडं चार ओळी लिहिल्या आहेस. दोन पुरेत. पहिली मध्य सप्तकातून वर जाऊन तार षड्जाला पोचेल अशी बांध, आणि तिथं आ, ए किंवा ओ येऊ दे. तार षड्जावर ‘इ’ धरलीस तर आवाज चिरका होतो, ‘उ’ धरलास तर कोंडतो. दुसरी ओळ उतरत येऊन आठव्या मात्रेच्या आत संपली पाहिजे. तुझ्या बहुतेक अंतऱ्यांचा शेवट दहाव्या मात्रेवर जातो, त्यामुळं मुखडा दरवेळी घाईत पकडावा लागतो. तीच घाई ऐकणाऱ्याला ‘बेचैनी’ वाटत असेल तर वाटो, तुझं-माझं ठरलेलं बरं की ती चूक आहे.

रचना जमली का, ते पाहायला दोन चाचण्या आहेत. एक, तीच बंदिश मिनिटाला १२०, १६० आणि २०० ठोक्यांवर गा. २०० वर शब्द चावले जात असतील तर अक्षरं जास्त झाली आहेत. दोन, तबला वाजवणाऱ्याला ताल सांग, मुखडा कुठून उचलतेस ते सांगू नकोस. दुसऱ्या आवर्तनात त्यानं सम आपोआप पकडली तर ओळीचा तोल बरोबर आहे. विचारावं लागलं तर ओळ परत वहीत घाल.

सुचलेला मुखडा लगेच फोनवर गुणगुणून ठेव. आधी तोंडानं राग, ताल, तारीख आणि पट्टी, म्हणजे तुझा सा कुठला ते, बोल. ‘काळी चार’ असं म्हणून ठेवलं नाहीस तर सहा महिन्यांनी तो मंद्रातला निषाद होता की मध्यातला, यावर स्वतःशीच भांडत बसशील.

मुद्रेची घाई दिसते. प्रत्येक अंतऱ्यात टोपणनाव, आणि तेही सात मात्रांचं. थोर गायक-रचनाकारांच्या मुद्रा मोज. जगन्नाथबुवा पुरोहितांची ‘गुणीदास’ सहा मात्रा, फैयाजखाँची ‘प्रेमपिया’ सहा, रामाश्रेय झा यांची ‘रामरंग’ सहा, रातंजनकरांची ‘सुजान’ चार. सम संख्या तीनतालाच्या चार-चारच्या खणांत निमूट बसते. आपल्या गावात राहून गेलेल्या अल्लादियाखाँची ‘अहमदपिया’ थोडी लांब, पण ‘पिया’ तिथं शब्द म्हणूनही अर्थाला लागतो, नुसती सही राहत नाही. तू डझनभर बंदिशी दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकेपर्यंत मुद्रा टाकूच नकोस.

कवितांकडं वळतो. इथं तुझा कान तुला जास्त फसवतो, कारण ‘मात्रा’ हा एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतो. तालात ‘आ’ पाच मात्रा लांबवता येतो, अर्ध्या मात्रेत उरकताही येतो. छंदात लघु एक आणि गुरू दोन, त्यात सवलत नाही. तुझी ओळ घे: ‘रंकाळ्यावर सांज उतरली आहे’. ‘रंकाळ्यावर’च्या आठ, ‘सांज उतरली’च्या आठ, आणि ‘आहे’च्या चार. २० झाल्या. तुझ्या बाकीच्या ओळी पादाकुलकाच्या, म्हणजे आठ-आठ, १६ मात्रांच्या. तू मनात केरवा तालात म्हणत होतीस, ‘आहे’ दोन ठोक्यांत कोंबलंस आणि पुढं गेलीस. वाचणारा तिथं ठेचकाळतो. ‘रंकाळ्यावर सांज उतरते, दिवा थरथरे काठावरचा’ असं केलं की दोन्ही ओळी आठ-आठवर पडतात. शिवाय ‘आहे’ गेल्यानं काही बिघडलं नाही, म्हणजे ते नुसतं भरतीचं होतं.

तुझे अभंग त्याच्या उलट्या चुकीचे आहेत. मोठ्या अभंगात अक्षरं मोजायची: सहा, सहा, सहा, चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या खंडाला. तू मात्रा मोजल्यास, त्यामुळं चौथा खंड कुठं पाच तर कुठं सहा अक्षरांचा झाला. चौथा आखूड असतो, तिथं टाळकऱ्यांना दम घ्यायला जागा मिळते. ती जागा भरून टाकलीस की अभंगाची चालच जाते.

मुक्तछंदातल्या कविता मला जास्त आवडल्या, त्यातही आजीच्या पानाच्या डब्याची. तिच्यात एकही संगीताचा शब्द नाही हा योगायोग नसावा. उरलेल्या कवितांत षड्ज, गंधार, तंबोरा, आलाप इतक्या वेळा येतात की वाचकाला बाहेरच उभं केल्यासारखं होतं. गाणाऱ्यानं कवितेत गाण्याचे शब्द आणणं म्हणजे जेवायला बोलावून ताटात भांडीच वाढणं. एक वर्ष ते शब्द बंद ठेव. आणि कविता तपासायची ती चालीवर म्हणून नको. गाणं न कळणाऱ्या माणसाच्या हातात कागद दे आणि त्याला एकसुरी वाचायला सांग. तो जिथं अडखळेल तिथं पेन्सिलीनं टिंब कर. तू तोंड उघडायचं नाही.

मैफलींच्या टिपणांत सुराचं काम विशेषणं करतात. ‘अवर्णनीय’, ‘स्वर्गीय’, ‘मंत्रमुग्ध’. अवर्णनीय म्हणून मोकळी झालीस तर वर्णन कुणी करायचं? एक सराव सांगतो. कुठल्याही ख्यालाची पहिली दहा मिनिटं ऐक आणि एकही विशेषण न वापरता १५० शब्द लिही: कोणत्या स्वरावर थांबले, किती आवर्तनं थांबले, सम कशी आली, तबला कधी वाढला. ‘दोन आवर्तनं गंधारावरच होते, मग तीव्र मध्यम नुसता दाखवून परत फिरले’ एवढ्या वाक्यात वाचकाला जे ऐकू येतं, ते तुझ्या ‘स्वर्गीय’मध्ये येत नाही.

यासाठी गोविंदराव टेंबे वाच. आपल्याच भागातला माणूस. पेटीवादक, ‘मानापमान’चे संगीतकार, १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’त नट आणि संगीतकार दोन्ही, आणि वर अल्लादियाखाँचे चरित्रकार. ‘माझा संगीत व्यासंग’ करवीर नगर वाचन मंदिरात मागून बघ. वाचताना एकच गोष्ट टिपत जा: ते गवयाचं मोठेपण सांगताना कुठं कौतुक करतात आणि कुठं प्रत्यक्ष गायकी दाखवतात. पेन्सिलीनं दोन खुणा ठरव आणि सगळं पुस्तक तसं खूण करत जा.

आता तुझं लाल अक्षरातलं पुस्तक. कविता आणि बंदिशी एकत्र छापू नकोस. कवितासंग्रह ८० पानांचा कर, १६ पानांचा एक फॉर्म धरला तर बरोबर पाच फॉर्म होतात. ८४ पानं केलीस की चार पानांसाठी सहावा फॉर्म अंगावर येतो, किंवा कोरी पानं राहतात. ४२ कवितांतल्या ३० ठेवल्यास तर ८० पानांत शीर्षकपान, श्रेयपान, अनुक्रमणिका आणि श्वास घ्यायला जागा असं सगळं बसेल. पहिल्यांदा ३०० प्रती पुरे, हजार छापणाऱ्यांची कपाटं बघितली की पटेल. आयएसबीएन क्रमांक सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नकोस.

बंदिशींचं पुस्तक नंतर, आणि तिथं छापखान्यापर्यंत जाताना स्वरलिपी मरते. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब. टाइप करणारा खालची रेघ अधोरेखनाचं बटण दाबून देतो, वरची उभी रेघ वेगळी काढून ठेवतो. मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात चिकटवला की ते अधोरेखन आणि ती उभी रेघ दोन्ही गळून पडतात. मग मालकंसातले ग, ध, नि शुद्ध होतात, यमनचा मध्यमही शुद्ध होतो, आणि तुझं अख्खं पुस्तक सगळे स्वर शुद्ध असलेल्या बिलावल थाटात जाऊन बसतं. मुद्रितशोधकाला हे दिसत नाही, कारण अक्षर तर बरोबरच असतं.

उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये वेदपठणासाठी अनुदात्ताची खालची रेघ आणि उदात्ताची वरची उभी रेघ ही स्वतंत्र चिन्हं आहेत. ती लावून ग॒, नि॒, म॑ असं टाइप कर. ते अक्षराचाच भाग होतं, चिकटवताना गळत नाही. मंद्राला नुक्ता वापर: नि़. मंद्र आणि कोमल दोन्ही आले की काही फॉन्टमध्ये टिंब रेघेवर चढतं, म्हणून आधी एक पान छापून बघ. स्वरलिपी १६ उभ्या रकान्यांच्या तक्त्यात बसव, वर मात्रा, मग स्वर, खाली शब्द. जागा सोडायला स्पेसबार दाबलास तर फॉन्ट बदलताच सम सरकते. आणि शेवटचं प्रूफ तू तपासू नकोस. तुझ्या बंदिशी कधीच न ऐकलेल्या विद्यार्थ्याला कागदावरून गायला बसव. तो चुकला तर चूक कागदाची समज.

हक्कांचं थोडक्यात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि चाल ही दोन वेगळी कामं आहेत, कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. तुझ्या शब्दांना दुसऱ्यानं चाल लावली तर दोघांची नावं, आणि वाटणी कागदावर. वहीत शेवटी तू गुरूंकडून मिळालेल्या तीन बंदिशी उतरवल्या आहेस. त्या तुझ्या पुस्तकात येणार नाहीत. द्यायच्याच असतील तर त्यांना विचार, आणि कुणाकडून कुणाला मिळाली ते प्रत्येकीखाली लिही. पाठभेद असतील तर दोन्ही पाठ दे, स्वतःच्या मनानं शब्द ‘दुरुस्त’ करू नकोस.

सध्याचं काम एवढंच. ११ पैकी तीन बंदिशी निवड, फक्त स्थायी, म्हणजे पहिला भाग, १६ रकान्यांत मांडून आण. पानाच्या डब्याची कविता आहे तशीच असू दे, तिला हात लावू नकोस. देवल क्लबात तबल्याला बसणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला रविवारी सकाळी नऊला घेऊन ये. मुखडा कुठून आहे, ते त्याला वाटेत सांगू नकोस.

तुझा,
मास्तर

ता. क. वही परत पाठवतो आहे. पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, चहाचा डाग पानावर आधीपासूनच होता.